श्रमदानाचा जामीन

सातारकरांना फुकट सल्ला द्यायची खोड जुनीच. शेजारी शिंकला तरी आल्याचा काढा कसा करायचा, ते चार दारांतून ऐकू येतं. पण श्रमदान योजना आली आणि या खोडीला सरकारी शिक्का मिळाला. दुसऱ्याच्या ताटात डोकावणं हा चोंबडेपणा राहिला नाही, कर्तव्य झालं. आणि हे कर्तव्य कुंदा बाबर यांच्याइतकं मन लावून अख्ख्या जिल्ह्यात दुसरं कुणी बजावत नव्हतं.

कुंदाबाईंचं राजपथावर चष्म्याचं दुकान. वय पन्नाशीच्या पुढे, अंगकाठी शिडशिडीत, जीभ धारदार. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असतानाच त्यांचा फोन थरथरला. त्यांनी संदेश वाचला, फ्रेम तशीच अर्धवट सोडली आणि फोन लावला.

"भानुदासराव, केळं खाल्लंत?"

पलीकडे पिठाच्या गिरणीची घरघर होती. ती थांबली. "अर्धं खाल्लं."

"अर्धं म्हणजे काय केळं नव्हे? पोटॅशियम चढलंय तुमचं."

"पट्टीत केळ्याचं चित्र आलं का काय?"

"पट्टी पोटॅशियम ओळखते. केळं मी ओळखते. वर्ष झालं, माझं दान खाताय तुम्ही. जरा तरी जनाची नाही तर मनाची ठेवा!"

पलीकडून फोन आपटला गेला. कुंदाबाई गिऱ्हाइकाकडे वळल्या. "बघा, भलाईचे दिवसच नाहीत," म्हणाल्या. गिऱ्हाइकानं मान डोलावली. डोळ्यांवर अर्धी फ्रेम असताना दुसरं काय करणार?

ही पट्टी म्हणजे दंडाला चिकटवायचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा. त्याच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक सुया असतात. कातडीखाली जो पातळ द्रव असतो, त्याची चव ही पट्टी दिवसभर घेत राहते. स्नायू खरोखर राबला की तो रक्तात काही संदेशद्रव्यं सोडतो, आणि त्या द्रव्यांचं मिश्रण हाताच्या ठशासारखं माणसागणिक वेगळं असतं. त्यामुळे पट्टीला फक्त एवढंच कळत नाही की श्रम झाले. कुणी केले तेही कळतं. योजनेच्या सुरुवातीला काही हुशार मंडळींनी ती कुत्र्याच्या पायाला बांधून पाहिली, एका बहाद्दरानं म्हशीला बांधली. पट्टी ढिम्म. राबणाऱ्याच्या वाटचा घाम दुसऱ्याच्या नावावर लावायची आपली पिढीजात कला तिनं एका फटक्यात मोडीत काढली.

मग जिल्हा आरोग्य मंडळानं हिशेब मांडला. राबणारं शरीर कमी आजारी पडतं, म्हणजे मंडळाचा खर्च वाचतो. वाचलेल्या खर्चाचे गुण त्या माणसाच्या नावावर. महागड्या उपचारांचे नंबर या गुणांवर लागू लागले. लहान मुलं, म्हातारी माणसं, जन्मानं अधू असलेली यांना सूट होती. पण ज्यांनी आपला आजार आपल्या हातानं ओढवून घेतला, त्यांच्या कपाळी 'स्वदोष' असा शेरा बसायचा. त्यांनी दुसऱ्या कुणाचे तरी गुण दान म्हणून आणायचे. आणि पतपेढीच्या कर्जाला लागतो तसा इथंही जामीन लागायचा. दान देणाराच जामीन. घेणाऱ्यानं पथ्य मोडलं की त्याच्या पट्टीचा इशारा जामिनाच्या फोनवर. इशाऱ्यांकडे काणाडोळा केला तर जामिनाचेही गुण कापले जात.

अशा राज्यात सर्वांत श्रीमंत कोण झाले असतील, तर हौशी सायकलवाले. रविवारी पहाटे घट्ट चड्ड्या घालून घाट चढणारी जी जमात पूर्वी टिंगलीचा विषय होती, तिच्या दारात आता लोक हात जोडून उभे राहू लागले. साताऱ्याच्या सायकल मंडळानं ठराव केला, की प्रत्येक सभासदानं एकेका रुग्णाला दत्तक घ्यायचं. कुंदाबाईंच्या वाट्याला आले भानुदास ओंबळे. तेही एके काळचे मंडळाचेच सभासद, आणि सभासद तरी कसले!

सायकलवाल्यांची एक रीत असते. समोरून वारा असला की एकानं पुढं राहून तो छातीवर घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या चाकाला चाक लावून मागं राहायचं. मागच्याचे कितीतरी कष्ट वाचतात. थोड्या वेळानं पुढच्यानं बाजूला व्हायचं, मागच्यानं पुढं यायचं, अशा पाळ्या. भानुदासरावांनी पाळ्या कधी पाळल्याच नाहीत. चांगली दहा-बारा वर्षं वारा त्यांनी एकट्यानं खाल्ला आणि आठ-दहा जण त्यांच्या आडोशानं चालत राहिले. त्यात कुंदाबाईही होत्या.

पण तशी छाती रोज फुकट मिळत नाही. गुडघे बोंबलायचे. मग घाटाच्या पायथ्याशी चहाबरोबर वेदनाशामक गोळी. लघवीला थांबायला नको म्हणून पाणी बेताचं. कोरड्या पडलेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आखडून टाकते. एकदा-दोनदा चालतं, वर्षानुवर्षं चालत नाही. भानुदासरावांची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आरोग्य मंडळानं रक्त तपासलं, चौकशी केली आणि शेरा मारला: स्वदोष. नवीन मूत्रपिंडासाठी ते रांगेत उभे राहिले ते कुंदाबाईंच्या गुणांवर.

कुंदाबाईंना हे दान देताना आनंद झाला नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. फार आनंद झाला होता. त्यांचा नवरा मधुमेहानं गेला, तोही डॉक्टरांना आणि बायकोला चुकवून जिलब्या खाऊन. त्याला त्या वाचवू शकल्या नाहीत. या माणसाला वाचवून दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, मग तो माणूस रडो की ओरडो. आणि भानुदासराव ओरडत होते.

केळ्याच्या त्या फोननंतर आठवडा गेला आणि नवाच इशारा आला. पोटॅशियम नव्हे, मीठ नव्हे, पाणी नव्हे. 'अनपेक्षित श्रम.' कुंदाबाईंनी विचारलं तर उत्तर आलं, "गिरणीत पोतं उचललं." पुढच्या रविवारी पुन्हा तोच इशारा. "पुन्हा पोतं उचललं." श्रमांचे असे दोनच इशारे जामिनाला पोटात घालायची मुभा होती. तिसरा थेट मंडळाकडे जाणार होता, आणि मग भानुदासरावांचं नाव रांगेतून काढलं जाणार होतं. पुन्हा शेवटी उभं राहायला त्यांच्याजवळ तेवढं आयुष्य नव्हतं. कुंदाबाईंनी हे त्यांना फोनवर दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी, "बरं," म्हटलं, म्हणजे सासरच्या माणसांना म्हणतात तसं.

त्यानंतरच्या रविवारी सायकल मंडळाची फेरी नव्हती. कुंदाबाई एकट्याच ठोसेघरच्या रस्त्यानं वर चढल्या आणि चाळकेवाडीच्या पठारावर आल्या. तिथं पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. वारा असा, की उतारावरही पायडल मारावं लागतं. समोर लांबवर एक सायकल चालली होती, जरा तिरकी, जरा झोकांड्या देत. चेहरा दिसत नव्हता. दिसायची गरजही नव्हती. ती पाठ कुंदाबाईंनी आयुष्यात नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ पाहिली होती.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दात-ओठ खात त्यांनी सायकल दामटली आणि भानुदासरावांना गाठलं.

"हे पोतं उचलताय होय?"

भानुदासरावांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ सुकलेले. "सरका बाजूला. माझ्या वाऱ्यात येऊ नका."

"तिसरा इशारा आहे हा! नाव जाईल रांगेतनं!"

"हितं रेंज नाही. खाली उतरल्यावर जाईल. तवर मला चालवू द्या."

"का? कशासाठी? मरायची हौस आलीय का?"

कुंदाबाई चिडून पुढं गेल्या आणि त्यांच्या समोर येऊन वारा अंगावर घेऊ लागल्या. "माझ्या मागं या. निदान छातीला तरी आराम मिळंल. सावकाश वळू आणि खाली जाऊ."

भानुदासराव क्षणभर आडोशात आले आणि लगेच हॅन्डल वळवून उजवीकडे सरकले, पुन्हा वाऱ्याच्या तोंडी. कुंदाबाई उजवीकडे गेल्या. ते डावीकडे आले. रस्ता मोकळा होता म्हणून बरं; नाहीतर पन्नाशीची दोन माणसं पठारावर हा काय खेळ करताहेत, असं कुणालाही वाटलं असतं.

"आडोशाला बसलो तर श्रम होत न्हाईत," ते धापा टाकत म्हणाले, "आन् श्रम झाले न्हाईत तर गुण पडत न्हाईत."

"तुम्हाला गुण कशाला? मी देतेय ना!"

"मला न्हाई."

मग तुटक तुटक, श्वास मिळेल तसं बाहेर आलं. डायलिसिसला त्यांच्या शेजारच्या खाटेवर सोनाबाई माने म्हणून एक बाई असते. पोवई नाक्यावर हार विकायची. तिच्यावरही स्वदोष, तिलाही कुणी दाता नाही. मंडळाचा एक विभाग पथ्य मोडलं म्हणून इशारे काढतो; दुसरा विभाग श्रम दिसले की मुकाट गुण जमा करतो, ते श्रम आजाऱ्यानं केले का धडधाकटानं, हे त्याच्या गावीही नसतं. भानुदासरावांनी दोन रविवारचे गुण त्या बाईच्या नावावर केले होते. आजचे पडले की तिच्या तीन महिन्यांच्या डायलिसिसची सोय होणार होती.

कुंदाबाईंना काय बोलावं कळेना. आणि काय बोलावं कळेना की त्या नेहमी ओरडायच्या.

"अरे, पण मला सांगायचं! मी दिले असते तिला!"

"तू?" आता अहो-जाहो सुटलं. "तू दिले असतेस, आन् मग तिच्या बी ताटात बघितलं असतंस. बाई कंदी पेढा खाती एखादा. मला हाय ठावं. इशारा येतो माझ्या फोनवर. मी बघत न्हाई. बंद करून टाकलाय."

"मग मरंल ती!"

"मरंल. पेढा खाऊन मरंल. तुझ्या हातनं जगण्यापरीस बरं."

हे लागलं. कुंदाबाईंना असं काही लागलं, की त्यांनी जे कधी बोलायचं नाही ते बोलून टाकलं. "गोळ्या खाताना अक्कल कुठं गेली होती? कुणी तोंडात कोंबल्या होत्या? मी नाही खाल्ली एकसुद्धा!"

"तुला पित्त व्हायचं!" भानुदासराव ओरडले. "चहाच्या टपरीवर पयली गोळी खाल्लीस आन् वकलीस. म्हणून तू वाचलीस. तुझं पित्त वाचवणारं निघालं, माझं पोट घट्ट निघालं. ह्यात तुझं कसलं आलंय शहाणपण? बारा वर्षं माझ्या पाठीमागं बसून..."

वाक्य पुरं झालं नाही. सायकलचं पुढचं चाक रस्त्याच्या कडेला उतरलं आणि ते सायकलसकट मुरमात आडवे झाले.

कुंदाबाईंनी आपली सायकल टाकून दिली. नाडी पाहिली, तिचे दोन ठोके पडायचे, एक चुकायचा, मग घाईनं तीन पडायचे. थकलेले स्नायू पोटॅशियम रक्तात सोडतात, ते बाहेर टाकायला मूत्रपिंड नसलं की हृदयाचा ताल बिघडतो. वर्षभर इशारे वाचून वाचून त्यांना हे तोंडपाठ झालं होतं. फोनला रेंज नव्हती. पण मागून दुधाचा टेम्पो येत होता. त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून तो अडवला.

ड्रायव्हरनं दोन किटल्या सरकवल्या आणि दोघांनी मिळून भानुदासरावांना मागं झोपवलं. "काळजी करू नका, बाई," तो म्हणाला. "पुढच्या वळणावर रेंज आहे. पट्टी हाय न्हवं दंडाला? मंडळाची गाडी आपसूक येतीय समोरनं."

पुढच्या वळणावर. कुंदाबाई हौद्यात, किटल्यांच्या मधे, भानुदासरावांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिथं रेंज येणार, पट्टी बोलणार, तिसरा इशारा मंडळात पोचणार. आणि नाव जाणार. नियम त्यांना पाठ होते, काही तर त्यांनीच सभेत सुचवले होते. रुग्णानं पट्टी काढली तर रुग्ण बाद. जामिनानं काढली तर जामीन बाद: सगळे गुण जप्त, पुन्हा कधीही दान देता येणार नाही, आणि स्वतः आजारी पडलात तर तुम्हीही रांगेच्या शेवटी, कुणाच्या तरी दयेवर.

त्यांनी भानुदासरावांची बाही वर सारली.

भानुदासरावांनी डोळे उघडले. त्यांना कळलं. उरलंसुरलं बळ आणून त्यांनी कुंदाबाईंचं मनगट धरलं. "न्हाई. कुंदे, न्हाई. त्या बाईचे गुण हायेत त्यात."

"गप्प बस."

"आजचे पडले न्हाईत अजून..."

"गप्प बस म्हणते ना!"

टेम्पो वळणाकडे निघाला होता. कुंदाबाईंनी नखानं पट्टीची कड धरली आणि ओढली. केसांसकट, कातडीसकट निघाली. भानुदासराव कळवळून ओरडले आणि त्यांनी कुंदाबाईंना अशी एक शिवी दिली, की पुढं बसलेल्या ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. पट्टी हौद्याच्या पत्र्यावर पडली. सायकलवाल्यांच्या बुटाखाली पायडलमध्ये अडकवायची लोखंडी टाच असते. कुंदाबाईंनी ती टाच पट्टीवर ठेवली आणि सगळा भार टाकला. वळण आलं, गेलं. फोनवर घरच्यांचे चार संदेश आले, बाकी काही आलं नाही.

मंडळाची गाडी आलीच नाही; टेम्पोच थेट इस्पितळात नेला. डायलिसिसच्या खोलीत त्यांनी डॉक्टरांना एवढंच सांगितलं, "फार दमलेत. आधी पोटॅशियम बघा." भानुदासराव वाचले.

पंधरवड्यानंतर आरोग्य मंडळाच्या तालुका कचेरीत सुनावणी झाली. टेबलामागं तिघं होते. मधे सायकल मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव शिर्के, जे आरोग्य मंडळावरही होते. गृहस्थ सभ्य, कुंदाबाईंना मानणारे. भानुदासराव भिंतीलगत खुर्चीवर, दंडाला पांढरी चिकटपट्टी, बायको विमल शेजारी.

"कुंदाताई," प्रतापराव मऊ आवाजात म्हणाले, "आम्ही तुम्हाला काय ओळखत नाही? पट्टी ओंबळ्यांनी स्वतःच काढली असणार. पथ्य मोडायची त्यांची खोडच आहे. तुम्ही फक्त तसं सांगा. तुमच्यावर काही येणार नाही."

कुंदाबाईंनी भानुदासरावांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. त्यांच्या बायकोचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता.

"मी काढली," कुंदाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे ओढली. ऐकत नाही हा माणूस. भांडण झालं, माझं डोकं फिरलं, धरली आणि उपटली. वर पायानं चिरडली. तो ड्रायव्हर सांगेल, कसा ओरडला ते."

खोलीत कुणालाही नवल वाटलं नाही. हीच तर गंमत. प्रतापरावांनी शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्यानं 'बघा, म्हटलं नव्हतं?' अशी मान हलवली. वर्षभर या बाईनं त्या माणसाचा कसा छळ मांडला होता, हे सगळ्या गावानं ऐकलं होतं. चष्म्याच्या दुकानात फोनवर चाललेलं गिऱ्हाइकांनी चवीनं इकडंतिकडं सांगितलं होतं. कुंदाबाईंनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा इतकं धडधडीत खोटं कारण सांगितलं, आणि त्यांच्या स्वभावानं ते लगेच खरं करून दाखवलं.

"वाटलंच होतं कधीतरी असं होणार," प्रतापराव उसासले. मग निर्णय वाचला. कुंदा बाबर यांचे सर्व गुण जप्त. दात्यांच्या यादीतून नाव कमी. ओंबळ्यांचा यात काही दोष दिसत नाही; त्यांचा नंबर होता तिथंच राहील, आणि त्यांना मंडळातर्फे नवा जामीन दिला जाईल. भानुदासराव एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. तरी त्यांनी एकदा तरी मान वर करावी, असं कुंदाबाईंना वाटून गेलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

बाहेर कचेरीच्या पायऱ्यांवर दोघं समोरासमोर आले. बायको रिक्षा बघायला पुढं गेली होती.

"आता पाया पडू का तुझ्या?" भानुदासराव म्हणाले.

"पडू नको. वाकलास तर उठता यायचं नाही."

"सोनाबाईचे गुण घालवलेस तू. ती काय करणार आता?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाई म्हणं!" त्यांचा आवाज चढला. "ध्यानात ठिव, ते मी विसरणार न्हाई."

"नको विसरू. मी कुठं म्हणतेय विसर?"

आणखी भांडायचं होतं, पण दोघांनाही ताकद नव्हती. भानुदासराव कठडा धरून सावकाश पायरीवर टेकले. बायकोनं सोबत दिलेला डबा पिशवीतून काढून मांडीवर घेतला. दुपार टळून गेली होती, भूक लागली असणार. झाकण निघाल्याचा आवाज आला.

कुंदाबाई तिथंच उभ्या होत्या, हाताच्या अंतरावर. डब्यात काय होतं? भात असेल. मीठ किती घातलं असेल विमलनं? बटाट्याची भाजी तर नाही? टोमॅटो? त्यांच्या जिभेवर प्रश्न आला, ओठांपर्यंत आला. विचारायचा हक्क आता राहिला नव्हता. पण हक्क नसला म्हणून त्या कधी थांबल्या होत्या?

त्यांनी मान वळवली आणि रस्त्याकडं पाहत राहिल्या. मागून घासामागून घास चावल्याचा आवाज येत होता. कुंदाबाईंनी वळून पाहिलं नाही. आणि ते त्यांना फार जड गेलं.